चुकेल म्हणून गप्प

आमच्या घरात एकाच छपराखाली दोन तऱ्हेची माणसं होती. अब्बा चार भाषा बोलायचे आणि चारही मोडक्यातोडक्या. घरात आमची हिंदी-उर्दू, दुकानात झाडीपट्टीची मराठी, मोहफुलं घेऊन येणाऱ्यांशी गोंडी आणि मुरुमगावच्या पलीकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांशी छत्तीसगढी. एकाही भाषेचं व्याकरण त्यांना कधी आलं नाही, पण त्यामुळे त्यांचं कधी अडलंही नाही. अम्मीचं उलटं होतं. तिला मराठी पूर्ण समजायची. रेडिओवरच्या बातम्या ती आम्हाला ऐकून सांगायची. तरी लग्न होऊन धानोऱ्यात आल्यापासून पुढची पस्तीस वर्षं परक्या माणसासमोर तिनं मराठीचं एक सलग वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही.

मी या दोघांचा मुलगा. दुकानात बसलो की अब्बांसारखा आणि शाळेत गेलो की अम्मीसारखा. पुढे मी शिक्षक झालो. आज मराठीत लिहितो. तरीही एखाद्या कार्यक्रमात कुणी माइक हातात दिला की पहिलं वाक्य बोलण्याआधी मी ते मनात तीन वेळा तपासून घेतो. 'ण' नीट येईल ना? 'ळ' घसरणार नाही ना? चहा 'आला' की 'आली'? आमच्या घरच्या बोलीत चाय 'आती है', मराठीत मात्र चहा 'येतो'. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला आजही चहाशी जपून राहावं लागतं.

हे भय नेमकं कशाचं आहे, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला आहे. भाषा येत नाही म्हणून माणूस गप्प बसतो, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळं सांगतो.

धानोरा हे गडचिरोलीहून मुरुमगावमार्गे छत्तीसगडात जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा मी दुसरीत होतो. आपला जिल्हा बदलला म्हणजे काय झालं, हे आम्हाला कळलं नव्हतं. पाटीवर लिहायचं नाव बदललं एवढंच. आठवडी बाजाराच्या दिवशी इथे उभं राहिलात तर चार पावलांत चार भाषा कानावर पडतात. आणि कुणीही कुणाला सांगत नाही की तुझं चुकलं. बाजारात चूक फक्त वजनात आणि पैशात असते.

शाळेत मात्र चूक तोंडात असते.

मी आठवीत होतो. १ ऑगस्ट, लोकमान्यांची पुण्यतिथी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत त्या दिवशी शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली जाते, तशी आमच्याही. गुरुजींनी भाषणासाठी माझं नाव लिहिलं. मी आठ दिवस पाठांतर केलं. त्या रात्री अम्मीनं मला हजरत मूसांची दुआ शिकवली. फिरऔनच्या दरबारात जायचं होतं तेव्हा मूसांनी अल्लाहकडे मागणं मागितलं होतं की माझी छाती मोकळी कर, माझ्या जिभेची गाठ सोडव, म्हणजे लोकांना माझं बोलणं समजेल. अम्मी म्हणाली, "नबी को भी डर लगा था बेटा. तू तो बच्चा है."

दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात लोकमान्यांचं आडनाव 'टिलक' असं म्हणालो. मागच्या रांगेतून हसू फुटलं. एक शिक्षक सहज म्हणून गेले, "अरे, घरी उर्दू बोलता ना तुम्ही? मग होणारच." ते रागावून म्हणाले नव्हते, मला समजून घेण्याच्या सुरातच म्हणाले होते. पण त्यानंतरची सगळी टरफलं माझ्या घशात अडकली. मी नमस्कार करून खाली बसलो.

गंमत अशी की माझ्या वर्गातली निम्मी मुलं झाडीबोली बोलणारी होती. झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. पाणी हे 'पानी'च असतं आणि 'ळ' च्या जागी बहुधा 'र' येतो. माझ्यानंतर बोललेला कुणब्याचा मुलगा 'टिरक' म्हणाला होता. त्यालाही हसले, पण त्याला कुणी विचारलं नाही की घरी काय बोलता. त्याची चूक ही गावाकडची चूक होती. थोडी मेहनत घेतली की गेली असती. माझी चूक ही माझ्या घराची होती. घर कसं दुरुस्त करायचं? मी त्याऐवजी तोंड बंद करणं सोपं मानलं. दहावीपर्यंत मी एकदाही भाषणाला उभा राहिलो नाही.

पुढे मोठा झाल्यावर याचीच दुसरी बाजू भेटली. "अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे!" या ब्लॉगच्या वाचकांपैकी अनेकांनी हे वाक्य ऐकलं असेल. सांगणारा मनापासून सांगतो. आपण हसून "थँक्यू" म्हणतो. पण शेजारी बसलेल्या देशपांड्यांना किंवा मेश्रामांना असं कुणी सांगत नाही. छान आहे म्हणजे काय, तर अपेक्षा नव्हती. आणि ज्याच्याकडून अपेक्षा नसते त्याला पुढचं प्रत्येक वाक्य परीक्षा देत बोलावं लागतं. एक चूक झाली की 'छान आहे' मागे घेतलं जाईल, ही धास्ती कायम राहते.

यास्मिन शेख हे नाव मराठी शुद्धलेखनाशी ज्यांचा संबंध आला त्यांना माहीत आहे. १९२५ साली जन्मलेल्या या बाई व्याकरणाच्या अभ्यासक. 'मराठी शब्दलेखनकोश' त्यांचा. पुण्यात श्री. म. माटे यांच्या विद्यार्थिनी, पुढे मुंबईत महाविद्यालयात मराठीच्या प्राध्यापक. त्या जन्मानं बेने इस्राएली ज्यू, लग्नानंतर शेख झाल्या. पण नाव ऐकणाऱ्याला एवढा तपशील कुठे ठाऊक? 'शेख' आडनावाची बाई मराठी व्याकरण शिकवणार, याचंच लोकांना नवल वाटायचं. ज्यांच्या कोशात बघून महाराष्ट्रानं ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं, त्यांच्या नावापाशीही माणसं क्षणभर थांबत असतील, तर धानोऱ्याच्या किराणा दुकानदाराच्या मुलाची काय कथा! सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला, बार्शीच्या अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आपल्या आवाजानं दणाणून सोडल्या. ही यादी मला पाठ आहे. पण यादी पाठ असल्यानं जीभ सुटत नाही. यादी पाठ करावी लागते यातच सगळं आलं.

आता अम्मीची गोष्ट. ती सांगायला मला बरीच वर्षं लागली.

२००८ च्या सुमारास अम्मीच्या पोटात दुखायला लागलं. मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. बायकांची रांग वेगळी होती. मी कागद करायला खिडकीवर उभा होतो. आत सिस्टरनं विचारलं, "काकू, काय त्रास होतो? कुठं दुखतं?" अम्मी म्हणाली, "ठीक आहे." पित्ताच्या गोळ्या घेऊन आम्ही परत आलो. महिन्याभरानं पुन्हा गेलो, पुन्हा "ठीक आहे", पुन्हा गोळ्या. असे चार महिने गेले. पाचव्या वेळी दुखणं इतकं वाढलं होतं की मी रांग मोडून तिच्यासोबत आत गेलो. डॉक्टरांनी मला विचारलं, मी अम्मीला विचारलं, आणि अम्मी बोलायला लागली. कुठून सुरू होतं, पाठीत कसं जातं, तेलकट खाल्लं की रात्री कसं उठतं, सगळं. इतकं स्पष्ट, की सोनोग्राफीच्या आधीच डॉक्टर म्हणाले, पित्ताशयात खडे असणार. तसंच निघालं. ऑपरेशन झालं, अम्मी बरी झाली, अल्हम्दुलिल्लाह. पण डॉक्टर म्हणाले ते मला विसरता येत नाही : "यांनी हे चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर इतकी सूज आली नसती."

घरी आल्यावर मी चिडून विचारलं, "अम्मी, मराठी आती है ना तुम्हें? बोलीं क्यों नहीं?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोट दुखतो बोलूँ, के दुखते, के दुखतं... समझ में नहीं आया. पीछे इतनी औरतें खड़ी थीं. गलत निकलता तो?"

मराठीत 'तो', 'ती' आणि 'ते' असतं. आमच्या बोलीत 'ते' नाही. पोट नपुंसकलिंगी आहे. त्या एका अनुस्वारासाठी माझ्या आईनं चार महिने दुखणं काढलं. चुकलं असतं तर काय झालं असतं? सिस्टरला 'पोट दुखतो' म्हटल्यानं काहीही कमी समजलं नसतं. अम्मीलाही ते कळत होतं. पण भीती समजण्याची नव्हतीच. मागे उभ्या असलेल्या बायका आपल्याकडे वळून बघतील, याची होती.

मग अब्बांना ही भीती का नव्हती? पुष्कळ दिवस मी समजत होतो की हा स्वभावाचा फरक आहे. अब्बा धीट, अम्मी लाजाळू. एक आठवण मात्र या समजुतीत बसत नव्हती.

मी बारा वर्षांचा असताना दुकानाच्या जागेचं काही काम निघालं आणि अब्बा मला घेऊन एका सरकारी कचेरीत गेले. टेबलापलीकडच्या साहेबांनी काही विचारलं. दुकानात दिवसभर चार भाषांत गर्जणारे माझे अब्बा टोपी नीट करत उभे राहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तू बोल." मला काहीच माहीत नव्हतं. मी अब्बांना विचारून विचारून मराठीत सांगत गेलो. परत येताना मी म्हटलं, "अब्बा, दुकान में तो आप मराठी बोलते हो." अब्बा म्हणाले, "दुकान में गलती हुई तो हँसी होती है. यहाँ गलती हुई तो लिखी जाती है."

हे वाक्य समजायला मला वीस वर्षं लागली. दुकानात तराजू अब्बांच्या हातात होता. मोहफुलं, चारोळी, चिंच घेऊन आलेल्या माणसाला अब्बांची गोंडी कितीही वाकडी असली तरी समजून घ्यावीच लागायची. मीठ-तेल त्याला तिथूनच न्यायचं होतं. ज्याच्या हातात तराजू, त्याची मोडकी भाषा चालते. तिचं कौतुकसुद्धा होतं : "सेठ गोंडी बोलतो!" कचेरीत तराजू दुसऱ्याच्या हातात होता, तिथे तेच अब्बा अम्मी झाले. म्हणजे धीटपणा अब्बांचा नव्हता, गल्ल्यावरच्या त्या जागेचा होता. आणि लाजाळूपणा अम्मीचा नव्हता. तिला आयुष्यात कधी तराजू हातात धरायला मिळालाच नाही.

हे सगळं मला कळलं, असं मी आज लिहितो. पण कळण्याआधी मी स्वतः काय केलं तेही लिहायला हवं.

डी.एड. होऊन १९९६ ला मी तालुक्यातल्या एका लहान गावच्या प्राथमिक शाळेत लागलो. दोन खोल्या, समोर मोहाचं झाड, मुलं जवळजवळ सगळी गोंड. माझी जीभ एव्हाना तयार झाली होती. आरशासमोर उभं राहून मी 'ण' आणि 'ळ' घोटवले होते. आणि आता माझ्यासमोर चाळीस मुलं होती, ज्यांना ते येत नव्हते. मी काय केलं असेल? प्रत्येक 'पानी'ला थांबवलं. "पानी नाही, पाणी. म्हण. पुन्हा म्हण." मला वाटायचं मी शुद्ध भाषा शिकवतो आहे. खरं म्हणजे मी रोज त्या मुलांच्या चुकांवर उभा राहून स्वतःला सांगत होतो की बघ, तू आता त्या बाजूला नाहीस.

गोंडी ही मराठीची बोली नाही, हेही तेव्हा माझ्या डोक्यात नीट नव्हतं. ती द्राविडी कुळातली, तेलुगूच्या नात्यातली भाषा. पाण्याला ती 'येर' म्हणते. पहिलीत आलेलं ते मूल उच्चार चुकत नव्हतं, ते एका वेगळ्याच भाषाकुळातून उडी मारून माझ्या वर्गात येत होतं. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं घटनेचं कलम ३५०-अ सांगतं. आमच्या शाळेत ते कलम कधी पोहोचलं नव्हतं. तिथे मी पोहोचलो होतो.

तिसरीत एक मुलगी होती. नाव सांगत नाही. वर्षभर ती माझ्या वर्गात एक शब्द बोलली नाही. प्रश्न विचारला की मान खाली. मी वहीत तिच्या नावापुढे लिहिलं होतं : 'प्रतिसाद नाही. आकलन कमी.'

त्या उन्हाळ्यात मोहफुलांच्या दिवसांत एका बाजारी मी दुकानात मागे पोत्यांवर बसून हिशेब लिहीत होतो. ती मुलगी तिच्या आजीबरोबर टोपली घेऊन आली. अब्बांनी नेहमीप्रमाणे गोंडीत काहीतरी म्हटलं. ते इतकं चुकलं असावं की आजी तोंडाला पदर लावून हसायला लागली. मुलगी हसत हसत पुढे झाली आणि अब्बांचा शब्द तिनं दुरुस्त केला. अब्बांनी तो परत म्हटला, परत चुकवला, परत हसू. मग अब्बांनी वजन करून भाव सांगितला. मुलगी कमरेवर हात ठेवून खणखणीत मराठीत म्हणाली, "मागच्या बाजारी जास्ती देलते ना सेठ, आज काहून कमी?"

वर्षभरात मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तिला मराठी येत होती. भाव करण्याइतकी, मागच्या आठवड्याचा हिशेब लक्षात ठेवण्याइतकी, मोठ्या माणसाला अडवण्याइतकी येत होती. मी नकळत उठून उभा राहिलो. तिनं मला पाहिलं. पुढचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, ते तिथेच थांबलं. मान खाली गेली. आजीनं मिळाले तेवढे पैसे घेतले आणि दोघी निघून गेल्या.

अब्बा मला म्हणाले, "तेरे स्कूल की है क्या? बहोत होशियार है."

ती माझ्यामुळे गप्प झाली आणि त्या गप्प होण्यात तिचं चार पैशांचं नुकसानही झालं. आठवीतल्या त्या १ ऑगस्टला मागच्या रांगेतून जे हसू आलं होतं, ते आता माझ्या डोळ्यांत येऊन बसलं होतं.

सुट्टीनंतर मी वर्गात एक गोष्ट केली. फळ्यावर 'पाणी' लिहिलं आणि मुलांना विचारलं, तुमच्यात काय म्हणता? कुणी बोलेना. मीच 'येर' म्हणालो, अब्बांच्या पद्धतीनं, बहुधा वाकडं. एक मुलगा खुदकन हसला. मी म्हटलं, "मग तू सांग." त्यानं सांगितलं. मी म्हटलं, पुन्हा चुकवलं. दहा मिनिटांत वर्ग मला गोंडी शिकवत होता आणि मी नापास होत होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या मुलीनं मान वर करून मला एक शब्द सुधारून दिला. काही दिवसांनी ती मराठीतही बोलली. 'पानी'च म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही.

यात चमत्कार काही नव्हता. तपासणीला साहेब आले की ती पुन्हा गप्प व्हायची. साहेब गेले की तिला कंठ फुटायचा. पण त्यामुळेच मला पटलं की गप्प राहणं हे मुलाचं लक्षण नाही, समोर कोण आहे त्याचं आहे. वहीतला तो शेरा मी खोडला. खोडून काय लिहावं हे सुचलं नाही, म्हणून जागा कोरी ठेवली.

पुढे वाचनात आलं की याच गोष्टीचा रीतसर अभ्यास झालेला आहे. कॅनडात पीटर मॅकिन्टायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली फ्रेंच ही दुसरी भाषा म्हणून शिकलेल्या ३७ इंग्रजीभाषक तरुणांना स्वतःच्या फ्रेंचला गुण द्यायला सांगितले आणि मग त्यांची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. ज्यांना बोलण्याची धास्ती जास्त होती त्यांनी स्वतःला होते त्यापेक्षा कमी लेखलं. निर्धास्त होते त्यांनी जास्त. म्हणजे 'मला येत नाही' ही आतली साक्ष भरवशाची नाही. अम्मी रांगेत उभी राहून स्वतःला जे गुण देत होती, ते तिच्या मराठीचे नव्हते, तिच्या धास्तीचे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी मांडलं की भाषा किती येते आणि माणूस ती बोलायला तयार होतो की नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्याच्या अगदी आधीच्या पायरीवर प्रश्न असतो तो याच माणसाशी, याच क्षणी बोलावंसं वाटतं का, हा. धानोऱ्याच्या बाजारात हे मी पोत्यांवर बसून पाहिलं होतं.

या तालुक्यानं मला आणखी एक गोष्ट शिकवली. धानोऱ्याच्या अलीकडे, गडचिरोलीच्या वाटेवर मेंढा लेखा हे गोंड वस्तीचं गाव आहे. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. बाहेर या गावाचं नाव झालं ते बांबूमुळे आणि कायद्यामुळे. शिक्षक म्हणून माझं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. तिथे निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतात. बहुमताच्या सभेत चार जण गप्प बसले तरी सभा पुढे जाते. सर्वसहमतीत गप्प बसलेल्याला ओलांडून जाता येत नाही. तो काय म्हणतो यासाठी थांबावं लागतं. पुन्हा बसावं लागतं. आणि सभा गावाच्या स्वतःच्या भाषेत असली की अडखळण्याची पाळी बाहेरून आलेल्या साहेबावर येते. तराजू असा हात बदलू शकतो.

याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिच्या मान्यतेवरून वादही झाला. मी मराठी शिकवण्यात आयुष्य घातलेला माणूस आहे. मुलांना मराठी यायलाच हवी, असं मला वाटतं. कचेरीत, दवाखान्यात, बँकेत ती लागते. पण ज्याला स्वतःच्या भाषेत शहाणं असल्याचा अनुभव कधी मिळालाच नाही, तो दुसऱ्या भाषेत चुकण्याची हिंमत कुठून आणणार?

आपल्या घरांबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. आपल्यातल्या किती अम्म्या शाळेच्या पालकसभेत मागच्या बाकावर बसून येतात? किती जणी बँकेत पोराला पुढे करतात? आपण त्यांना सांगतो, "बोला की, घाबरता काय!" धीर धरा म्हणणं सोपं असतं, तो सगळा भार पुन्हा बोलणाऱ्यावरच टाकतो. ऐकणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. मूसांच्या गोष्टीतला एक भाग अम्मीनं मला त्या रात्री सांगितला नव्हता, तो मी नंतर वाचला. मूसांनी फक्त जिभेची गाठ सोडवायला सांगितलं नव्हतं. माझा भाऊ हारून माझ्याहून चांगलं बोलतो, त्याला माझ्या सोबत दे, असंही मागितलं होतं. आणि ते मिळालं. दवाखान्याच्या त्या रांगेत मी खिडकीवर उभा होतो, तेव्हा मी अम्मीजवळ असायला हवं होतं. तिच्या जागी बोलायला नव्हे. नुसतं शेजारी उभं राहायला.

अम्मी आता थकली आहे. माझ्या मुलीशी ती मराठीत बोलते. लिंगं सगळी चुकवते. मुलगी लहान असताना कधी दुरुस्त करायची, मग तिनं सोडून दिलं. दोघींचं छान चालतं.

मागच्या उन्हाळ्यात बाजारात मला ती मुलगी भेटली. आता तिची मुलं शाळेत जातात. तिनंच मला ओळखलं. "गुरुजी, जोहार!" म्हणाली आणि मराठीत घरचं, पोरांचं, तेंदूपत्त्याचं सगळं सांगत राहिली. मी तिला गोंडीत विचारायला गेलो की मुलं कोणत्या वर्गात आहेत. माझं वाक्य कुठेतरी मधेच कोसळलं. ती जोरात हसली, बाजूच्या दोन बायाही हसल्या. तिनं ते वाक्य नीट करून मला परत दिलं आणि वाट बघत उभी राहिली.

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं.